सातव्या मजल्यावरचं उघडं दार

लिफ्टचं दार उघडलं आणि खारी नावाच्या कुत्रीने पोट फरशीला टेकवलं.

"चल गं बाई… चल ना," मृणालिनी वाकून तिला विनवत होती. पण खारी कुठली ऐकायला! चारही पाय पसरून, कान मागे पाडून ती फरशीला अशी चिकटली होती, की कोणी तिथे तपकिरी पायपुसणंच टाकलंय असं वाटावं. लिफ्टमध्ये आधी शिरलेली माणसं मोबाइलमधून डोकी वर काढून बघू लागली. बाहेर ठाकूरद्वारच्या रस्त्यावर आषाढाची सर कोसळत होती, आणि टॉवरच्या चकचकीत लॉबीत सगळीकडे ओल्या चपलांचे ठसे उमटले होते.

"आंटी, येताय की जाऊ?" आतून कोणीतरी विचारलं.

'आंटी' म्हटलं की चौसष्ट वर्षांच्या मृणालिनीच्या कपाळावर अजूनही आठी पडायची. ती पडली. "जा तुम्ही," ती म्हणाली.

दार सरकत मिटलं. त्याबरोबर खारी थरथरली, दोरीला हिसका देऊन मागे सरली… आणि मागून येणाऱ्या एका माणसाच्या पायांवर जाऊन आदळली.

"तिला लिफ्टची नाही हो भीती वाटत," तो माणूस म्हणाला. खारीकडे त्याने मुद्दामच बघितलं नाही, नुसता उभा राहिला. "दाराची वाटतेय. उघडं होतं तोवर नुसती बसली होती. मिटायला लागलं तेव्हा थरथरली."

मृणालिनीने वर पाहिलं. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, पांढऱ्या केसांतून पाणी निथळतंय. हातात छत्री होती, पण मिटलेली. छत्री असून भिजलेला माणूस!

"शोभेला बाळगलीय का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"उघडली की मिटत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि मिटली की उघडत नाही. सध्या तिचं दुसरं चाललंय. कितवा मजला?"

"सातवा."

"माझाही. जिन्याने जाऊ. जिन्याला दार नाही."

"सात मजले? गुडघे आहेत का?"

"कुणाचे, माझे की तिचे?"

मृणालिनीला हसू आलं. ते तिने पदराच्या टोकाने पुसलं, आणि तिघं जिना चढू लागली.

खरंच, जिन्यावर खारी वेगळीच झाली. दबकत का होईना, एकेक पायरी हुंगत चढायला लागली. चढता चढता मृणालिनीने तिची हकीकत सांगितली. लालबागच्या बाजूला एका इमारतीत भाडेकरू राहत होते. एके दिवशी ते घर सोडून गेले आणि जाताना खारीला आतच ठेवून बाहेरून कुलूप लावलं. शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं तेव्हा आतून दारावर पंजांनी ओरखडून ओरखडून रंग उडालेला होता. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या ऋता नावाच्या मुलीने तिला सोडवून आणलं. तेव्हापासून दोन घरं झाली, आणि दोन्ही घरांनी परत केली. दार लावलं की ही रडते.

"मी नुसती सांभाळायला आणलीय, कायमचं घर मिळेपर्यंत," मृणालिनी म्हणाली. "ऋता म्हणते, इथेही नाही रुळली तर मग पिंजराच. शहराबाहेरच्या निवारा केंद्रात, जन्मभर."

चौथ्या मजल्यावर जिन्यालगत एका फ्लॅटचं बंद दार होतं. जाता जाता त्याने बोटांच्या पेरांनी त्यावर वाजवलं. टक, टक. आणि नाक मुरडलं. "पोकळ. आत पुठ्ठा भरलाय."

मृणालिनी जागच्या जागी थांबली. असं दिसेल त्या लाकडावर पेरं वाजवून त्याची पारख करणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता.

"रघुवीर… आजगावकर?"

"हुश्श!" तो कठड्याला टेकला. "चार मजले वाट बघतोय, आता ओळखेल, मग ओळखेल. मी तर खालीच ओळखलं तुला. आवाजावरून. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढलीस, आवाज तेवढा जपलायस."

"म्हणजे तुम्हीच ते," मृणालिनी म्हणाली. "ज्यांचं दार अडकलं."

"अजून राग आहे?"

"राग? छे! इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कधीच विसरले. गणेशोत्सवातलं नाटक, दुसऱ्या अंकाचा शेवट, माझी जांभळी साडी… काही म्हणजे काही आठवत नाही मला."

"बरंच विसरलीस की," रघुवीर म्हणाला.

*

हा टॉवर उभा राहण्याआधी इथे केळुसकरांची चाळ होती. तीन मजले, मध्ये चौक, चारी बाजूंनी गॅलरी. कर्णिकांची मृणाल तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि आजगावकरांचा रघू तळमजल्यावर. दरवर्षी गणपतीत चौकात नाटक व्हायचं. त्या वर्षी मृणाल नायिका होती आणि नेपथ्य रघूचं होतं. विशीतला पोरगा, पण त्याने खरं वाटावं असं घर उभं केलं होतं. खिडकी, दार, दाराला कडी, कडीला तोरण.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिकेने "मी चालले, कायमची चालले!" असं ओरडून दाराबाहेर निघून जायचं होतं. मृणाल ओरडली, दाराशी गेली, आणि दार काही उघडेना. तिने रेटलं, खांदा लावला, पुन्हा रेटलं. चौकात खसखस पिकली. शेवटी तिने साडी खोचली, खिडकीवर पाय ठेवला आणि कायमची खिडकीतून गेली.

अशा टाळ्या त्या चाळीने पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षं मृणाल पाण्याची बादली घेऊन गॅलरीतून निघाली की कोणीतरी म्हणायचंच, "अगं, जिन्याने जाणार की खिडकीतून?" ती रघूशी बोलायची थांबली. तो एका नाटक कंपनीत लागला आणि दौऱ्यांवर गेला, गावोगावी दारं-खिडक्या उभारत. पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, बायको गेली. मृणालचं लग्न झालं नाही. वडील अंथरुणाला खिळले, मग आई, आणि त्यात वर्षं कशी गेली ते तिलाही कळलं नाही. मग चाळच गेली. तिच्या जागी हा टॉवर आला. जुन्या भाडेकरूंना त्यात घरं मिळाली आणि चिठ्ठ्या टाकून मजले वाटले गेले.

चिठ्ठ्यांमध्ये कर्णिकांना सातव्या मजल्यावरची डावी बाजू मिळाली होती. समोरची उजवी आजगावकरांना. दोन वर्षं ती बंदच होती. मुलीकडे पुण्याला राहून कंटाळलेला रघुवीर नेमका त्याच आठवड्यात कुलूप काढून राहायला आला होता.

*

ऋताने सांगितलं होतं, पहिले काही दिवस शांत, बंद खोलीत ठेवायचं, म्हणजे कुत्र्याला सुरक्षित वाटतं. मृणालिनीने तसं केलं. आणि खारीने असा काही गळा काढला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले आणि वरचे खाली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी हितेंद्र आला. तरुण, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं गोड. "मॅडम, माझं पर्सनली काही नाही. पण कंप्लेंट्स आल्यात. महिनाअखेरपर्यंत बघा, नाहीतर मग… तुम्ही समजू शकता."

तो गेला तेव्हा समोरच्या दारात रघुवीर चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवण्याचे कष्टही तो घेत नव्हता.

"मृणाल, एक विचारू? आपल्या चाळीत दारं कधी बंद असायची?"

"रात्री."

"आणि दिवसा?"

मृणालिनीला आठवावं लागलं. दिवसा दार बंद म्हणजे घरात कोणी तरी आजारी, किंवा भांडण. एखादं दार दुपारपर्यंत उघडलं नाही तर शेजारीण कडी वाजवायची, "काय गं, बरी आहेस ना?" उघडं दार म्हणजे घर चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

"पण उघडं ठेवलं तर ही पळून जाईल!"

"आपण पळालो? रांगायच्या वयात?"

तो आत गेला आणि एक फळी घेऊन आला. जुन्या सागवानाची, गुडघाभर उंच, कडा गोल झालेल्या. मृणालिनीने ती बघितली मात्र, आणि तिच्या नाकात चाळीचा वास भरला. रॉकेल, उदबत्ती, ओली गॅलरी. मूल रांगायला लागलं की चाळीत प्रत्येक दाराला अशी फळी लागायची. चौकटीच्या खाचांत वरून सरकवायची, म्हणजे दारही उघडं आणि मूलही आत.

"चाळ पाडताना मी एवढीच वाचवली," रघुवीर म्हणाला. "हे बघ. हे दात माझे आहेत. आणि हे इकडचे, बारीक, नूपुरचे. माझ्या मुलीचे."

"शी! या वयात लोकांना स्वतःचे दात दाखवत फिरता?"

"आता खरे दाखवायला उरलेत कुठे?"

त्याने चौकटीच्या बाहेरच्या अंगाला दोन पट्ट्या ठोकून खाचा केल्या आणि फळी सरकवली. दार सताड उघडलं. खारी टेबलाखालून हळूच पुढे आली. फळी हुंगली. वरून नाक काढून पॅसेजमध्ये बघितलं. समोर रघुवीरने आपलंही दार उघडं टाकलं होतं आणि उंबऱ्यात खुर्ची टाकून तो पेपर वाचत बसला होता. खारीने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग फळीला पाठ लावून एक उसासा सोडला आणि झोपली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा… गाढ.

"उडी मारली तर सहज जाईल," मृणालिनी कुजबुजली.

"जाईल की. पण जाता येतंय हे कळलं ना, मग जावंसं वाटत नाही." त्याने पेपर उलटला. "हे मला उशिरा कळलं. मी आयुष्यभर दौरे केले."

*

मग ते दिवस आले, ज्यांची आठवण मृणालिनीने पुढे जपून ठेवली.

सकाळी दोन दारं उघडायची. पावसाचा ओला वारा पॅसेजभर खेळायचा. रघुवीर आपल्या उंबऱ्यात आणि मृणालिनी आपल्या, मधोमध खारी. तो मोठ्याने बातम्या वाचायचा आणि ती भाजी निवडता निवडता त्यावर मत द्यायची. खारीने फळीच्या कोपऱ्यात आपलेही दात उमटवले तेव्हा रघुवीरने ते कौतुकाने बोटाने चाचपले आणि म्हणाला, "आली, घराण्यात आली."

"अहो आजगावकर, तिला बिस्किटं घालू नका, ऋता ओरडते."

"मी नाही घातलं. तिने मागितलं."

"कसं मागितलं?"

"असं." आणि त्याने मान वाकडी करून, डोळे मोठे करून तिच्याकडे असं काही बघितलं की मृणालिनीच्या हातातला मोड आलेला वाल तसाच राहिला.

"कुत्र्याला शोभतं ते," ती म्हणाली. पण संध्याकाळी वालाच्या बिरड्याची वाटी त्या दारात गेली. त्या दारातून वाटी रिकामी आली नाही, सोलकढी भरून आली. ती जरा खारट होती. तिने ते सांगितलं नाही, आणि स्वतःच्या या न सांगण्याचं तिला मोठं नवल वाटलं.

हळूहळू मजल्यावरचं तिसरं दारही उघडं राहू लागलं. मग पलीकडचं चौथं. सुरुवातीला खारी दिसावी म्हणून, आणि मग सवय म्हणून. कुणाचं मिरचीचं लोणचं, कुणाच्या टीव्हीवरची मालिका, कुणाची शिंक… सगळं पुन्हा सगळ्यांचं झालं. हितेंद्र एकदा तपासणीला आला आणि पॅसेजमध्ये थबकला. "मॅडम, टॉवरमध्ये असं दारं उघडी टाकत नाहीत हो."

"रडतंय का कोणी?" मृणालिनीने विचारलं.

त्याने कानोसा घेतला. "नाही."

"मग बसा. पोहे केलेत."

तो बसला. चाळीत त्याचं बालपण गेलं नव्हतं, पण पोहे त्याने दोनदा घेतले.

खारीला बंद दाराची सवय लावायचा प्रयत्नही चालू होता. आधी दार बोटभर लोटायचं, मग हातभर. रघुवीर पडदा पाडणाऱ्या माणसाच्या सफाईने लोटायचा, आवाज न करता. अर्ध्यापर्यंत खारी सोसायची. त्यापुढे तिच्या अंगावर काटा उभा राहायचा.

"राहू द्या," एका दुपारी मृणालिनी म्हणाली. "काही भीती जायच्या नसतात. त्यांच्याशी जमवून घ्यायचं असतं."

"मग ठेवून का नाही घेत तिला? तुझ्याकडे दार उघडं असतंच."

मृणालिनी बराच वेळ खारीच्या कानामागे खाजवत राहिली.

"मी एकटी आहे, आजगावकर. सध्या हिच्यासाठी रात्रीही दार अर्धं उघडं ठेवते, पण जन्मभर नाही जमणार; लावावंच लागेल. कधीतरी रात्री मला काही झालं, तर… ही पुन्हा बंद दाराआड. दार ओरखडत. कुणीतरी कुलूप तोडेपर्यंत." तिने मान वर केली नाही. "हिच्या वाट्याला ते दोनदा नको."

रघुवीरने पेपराची घडी घातली. त्या दिवशी त्याने पेपरातली एकही बातमी मोठ्याने वाचली नाही.

*

श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ऋता खारीसाठी दोन घरं घेऊन आली.

पहिलं घर वरळीचं. समुद्रासमोरचा मोठा फ्लॅट, तरुण नवरा-बायको, दोघांच्या चांगल्या नोकऱ्या. त्यांनी मोबाइलवर खारीची मऊ गादी दाखवली, तिच्यावर लक्ष ठेवायला लावलेला कॅमेरा दाखवला. ऋताचा चेहरा उजळला होता. चांगली माणसं होती ती, खरोखर चांगली. नवरा फळीला अडखळला, "सॉरी, सॉरी" म्हणाला, आणि आत आल्यावर रीत म्हणून मागे वळून त्याने दार लावून घेतलं.

खारी क्षणात टेबलाखाली गेली. तास झाला तरी बाहेर आली नाही.

दुपारी जाईबाई आल्या. घोडपदेवच्या चाळीत राहणाऱ्या, मूळच्या मालवणकडच्या, घरात दोन सुना, नातवंडं, आणि एक खोली. ऋता हळू आवाजात म्हणाली होती, "मृणालमावशी, जागा खूपच लहान आहे हो. आमच्या संस्थेचे लोक नाही म्हणतील."

जाईबाई बोलत बोलतच दाराशी आल्या. बोलणं न थांबवता, खाली न बघता, त्यांनी निऱ्या चिमटीत उचलल्या, फळीवरून पाय टाकला आणि आत येऊन सरळ जमिनीवर बसल्या. दार मागे तसंच उघडं राहिलं. त्यांना ते लावायचं सुचलंसुद्धा नाही.

मृणालिनीने रघुवीरकडे पाहिलं. रघुवीरने मृणालिनीकडे. दोघांनीही तेच पाहिलं होतं.

"ये गो बाय," जाईबाईंनी मांडीवर थाप मारली. "हयसर ये. भियतंस कित्याक?"

खारी टेबलाखालून बाहेर आली.

"जाईबाई, तुमच्याकडे दार…" मृणालिनीने विचारायला सुरुवात केली.

"आमच्या दाराक कडी रात्रीच पडता. आणि रात्री आत आम्ही सात जणां. एकटा ऱ्हवाचा म्हटला तरी कोणाक जमाचा नाय!" त्या खळखळून हसल्या. मग फळीकडे बघून म्हणाल्या, "आमच्या चौकटीक खाचो आसत अजून. फळी मात्र कोणी तरी चुलीत घातल्यान."

"ऋता," मृणालिनी म्हणाली, "तुझ्या लोकांना सांग, घर किती मोठं ते मोजू नका. या पोरीला गादी नकोय. तिला उघडं दार हवंय आणि दाराशी माणूस हवंय. वरळीला दोन्ही नाही. घोडपदेवला दोन्ही आहे. कोणी नाही म्हणालं तर माझ्याशी बोलायला सांग. टेलिफोनवर माणसांची समजूत घालण्यात माझी हयात गेलीय."

ऋताने खारीकडे पाहिलं. ती जाईबाईंच्या मांडीवर हनुवटी टेकून बसली होती. "सांगते," ऋता म्हणाली. ती गॅलरीत जाऊन फोनवर बोलली, बराच वेळ बोलली. आत आली तेव्हा हसत होती.

निघताना रघुवीरने खाचांतून फळी वर ओढली, हाताने पुसली आणि जाईबाईंच्या हातात दिली. मृणालिनी चमकली. "अहो, तुमची आठवण आहे ती!"

"आठवण नुसती ठेवून काय करायची? वापरू दे."

खारी जिन्याने उतरली. वळणावर एकदा थांबली, मागे बघितलं… मृणालिनीने हात हलवला. खाली जाईबाईंची हाक आली आणि तिची तपकिरी शेपूट वळणाआड गेली. हलत होती. ती शेपूट हलताना मृणालिनीने पहिल्यांदाच पाहिली होती.

*

संध्याकाळी पाऊस पुन्हा लागला. उंबऱ्यात फळी नव्हती, फळीला टेकून झोपलेलं कोणी नव्हतं. रघुवीर आत गेलेला. उघड्या दारातून वारा येऊन कॅलेंडर फडफडवत होता. आता दार उघडं ठेवायला कारण काय उरलं?

मृणालिनीने दार लावायला घेतलं. इतके आठवडे ते लावलंच नव्हतं धड. पावसाचा सगळा ओलावा पिऊन फुगलं होतं. करकरत, घासत चौकटीत शिरेना. तिने खांदा लावून रेटलं तेव्हा कुठे बसलं.

घर एकदम लहान झालं. तिने चहा टाकला. गाळताना लक्षात आलं, दोन कप केलाय.

टक, टक.

दारावर पेरं वाजली. मृणालिनीच्या हातातली गाळणी थांबली.

"कोण?"

"मी."

"काय हवंय?"

"काही नाही. फळी मागायला येणार होतो, ती तर मीच देऊन टाकली. मग बिस्किटांचं निमित्त शोधलं, तर कुत्रं नाही. शेवटी… तसाच आलो."

ती दाराशी गेली. कडी काढली. मूठ धरून ओढलं. दार हललं नाही.

"अडकलंय," ती म्हणाली.

"हे मी नाही हं बनवलेलं! बिल्डरने बनवलंय."

"तुम्ही नुसते जवळ आलात तरी दारं अडकतात."

बाहेरून हसण्याचा आवाज आला आणि मग थांबला. "मृणाल. एक सांगायचं राहिलंय. त्या रात्री दार अडकलं नव्हतं."

"म्हणजे? अख्ख्या चाळीने पाहिलं!"

"ते आतल्या बाजूला उघडायचं होतं. तुझ्याकडे. ओढायचं होतं. तू घाबरून ढकलत होतीस."

मृणालिनीच्या डोळ्यांपुढे ते दार आलं… तोरण, कडी, आणि कडीवरचा आपला विसाव्या वर्षीचा हात. ढकलणारा.

"मग… तुम्ही बाहेरून उघडायचं होतंत!"

"तेच करत होतो ना! मी मागे उभा. मला वाटलं, मदत करावी. मीही ढकलत होतो. तू जितका जोर लावायचीस, तितका मी जास्त लावायचो." त्याचा आवाज दाराच्या अगदी जवळ आला. "तू क्षणभर हात सैल सोडला असतास ना, तर उघडलं असतं गं."

मृणालिनी हसू लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तिने पदर लावला, आणि तरी हसू थांबेना.

"आणि इतकी वर्षं मी तुम्हाला दोष देत राहिले! सांगितलं का नाहीत?"

"कधी सांगणार? बोलत होतीस कुठे! आणि खरं सांगू? कोणीतरी आपल्यावर इतकी वर्षं मनापासून रागावलेलं आहे, हे काही वाईट नव्हतं. परगावी, मुक्कामात, रात्री बरं वाटायचं."

पाऊस कठड्यावर तडतडत होता.

"त्या रात्री नाटक संपल्यावर तुला एक विचारणार होतो," तो म्हणाला.

"काय?"

"दार उघड, मग विचारतो."

"आधी विचारा. मग उघडायचं की नाही ते बघते."

दारापलीकडे एक लांब श्वास. "परवा म्हणालीस ना… रात्री काही झालं तर बंद दाराआड. त्या दिवसापासून मला झोप नाही. तुझ्या दाराची कडी कुणाला तोडावी लागू नये, एवढी व्यवस्था करायची आहे मला. दोन घरं ठेवू, एक ठेवू, ते तू ठरव. पण रात्री तू एका दाराआड आणि मी दुसऱ्या, हे आता… पुरे."

"ही मागणी आहे की विमा?"

"मागणी. उशिरा आलेली."

मृणालिनीने डोळे पुसले. पदर खोचला, थेट त्या रात्री खोचला होता तसा. दोन्ही हातांनी मूठ घट्ट धरली.

"रघू," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ऐक नीट. घाई करू नको. मी ओढते. तू ढकल."

"नक्की?"

"नक्की. आता!"

दार करकरलं, कुरकुरलं, आणि एकदम उघडलं. रघुवीर तोल जाऊन आत आला, तिच्या हाताला धरून सावरला, आणि मग तो हात सोडायचं त्याला सुचलं नाही. तिनेही आठवण करून दिली नाही.

"चहा दोन कप झालाय," ती म्हणाली. "सवयीने."

रीत म्हणून त्याने मागे वळून दाराला हात घातला.

"असू दे," मृणालिनी म्हणाली. "उघडंच राहू दे."